वळणावरचा प्लॉट

शेतकरी माझ्याकडे सहा एकर घेऊन येतो आणि सव्वातीन एकर घेऊन परत जातो. मधली पावणेतीन एकर मी खातो, असा त्याचा पक्का समज असतो. सत्तावीस वर्षं मी हा आरोप हसतमुखानं सोसतो आहे. दिवाळी अंकात जागा मिळाली आहे, तर एकदाचा खुलासा करून टाकतो.

शेतजमिनीचे घरं बांधण्यासाठी प्लॉट पाडून देणं हा माझा धंदा. बेळगावच्या अनगोळात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एका खोलीत नकाशे असतात आणि दुसरीत नकाशांवरून भांडणारी माणसं. मी डिप्लोमावाला. लोक मला इंजिनेर म्हणतात, आणि खरा इंजिनेर आसपास नसला की मी ते चालवून घेतो.

पहिल्या भेटीचा प्रयोग ठरलेला आहे. शेतकरी खुर्चीवर बसतो आणि तोंडी हिशेब मांडतो. एकराला चाळीस गुंठे. तीस बाय चाळीसचा प्लॉट गुंठ्याहून जरासा मोठा. म्हणजे एकरात छत्तीस घरं, सहा एकरांत दोनशे पंधरा-सोळा. त्याचा चेहरा फुललेला असतो. मी चष्मा पुसतो, पेन्सिलीला टोक काढतो, उगीचच खिडकीबाहेर बघतो. मग त्याच्या जमिनीवर रस्ते काढू लागतो, कारण दोनशे घरांतली माणसं उडत घरी जाणार नाहीत. रस्त्यांनंतर मोकळं मैदान. मग पाण्याची टाकी, अंगणवाडी अशा सार्वजनिक कामांची जागा. मग नाल्याकाठी सोडायचा पट्टा. पेन्सिल फिरत जाते तसा समोरचा चेहरा बारीक होत जातो. शेवटी तो विचारतो, "मग माझं काय राहिलं?" मी उरलेल्या चौकोनांवर बोट ठेवतो. इथं बऱ्याच जणांनी उठून जाण्याचा अभिनय केला आहे. चप्पल घालेपर्यंत परत येतात.

यानंतर खरी सुरुवात होते, आणि ती शेतात होत नाही. आधी उतारा मागवायचा, म्हणजे जमीन कोणाकोणाच्या नावावर आहे त्याचा सरकारी कागद. आमच्या सीमाभागात उतारा कन्नडमध्ये असतो, त्यावरचं भांडण मराठीत होतं आणि साहेब सही इंग्लिशमध्ये करतात. उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. मग मोजणी, मग बिनशेतीचा हुकूम, मग नकाशा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि शेवटी मंजुरी. यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं नवखे लोक विचारतात. बिनशेतीचा हुकूम, असं त्यांना वाटतं. सगळ्यात अवघड असते ती बहिणीची सही.

गिऱ्हाइकं कशी कशी भेटतात ते एक-दोन सांगतो, म्हणजे पुढचं पचायला सोपं जाईल. एका निवृत्त हेडमास्तरांनी मला सगळेच्या सगळे प्लॉट पूर्वमुखी करायला सांगितले होते. मी म्हटलं, सर, मग रस्त्याच्या एकाच अंगाला घरं होतील, दुसऱ्या अंगाला काय ठेवू? ते म्हणाले, "तो तुमचा प्रश्न." दुसरे निपाणीचे पारिसाण्णा, तंबाखूचे व्यापारी आणि पोटातून दयाळू जैन. त्यांच्या शेतातली जुनी विहीर बुजवल्याशिवाय रस्ता निघत नव्हता. विहिरीत बेडूक होते. तीन दिवस आम्ही टोपल्या सोडून बेडूक वर काढले आणि पलीकडच्या ओढ्यात नेऊन सोडले. चौथ्या दिवशी निम्मे परत आले होते. पारिसाण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "रस्ताच हलवा." त्या लेआउटमधल्या मैदानात आजही विहीर आहे आणि पावसाळ्यात तिथले रहिवासी माझ्या नावानं काय काय बोलतात ते मी ऐकून आहे.

पण मला सांगायचं आहे ते पिरनवाडीच्या पुढच्या एका गावातल्या भरमाण्णाच्या शेताबद्दल. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी अजून कामं चालू आहेत.

भरमाण्णा पंचावन्नच्या पुढचा, धिप्पाड, बोलायला गोड. सहा एकरांचं शेत, एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला गायरान, मधे विहीर. उताऱ्यावर वडिलांच्या मागं दोनच नावं लागली होती. एक त्याचं, दुसरं थोरल्या बहिणीचं, सुमित्राआक्कांचं. त्या निपाणीत दिलेल्या. नवरा तंबाखूच्या वखारीत काटा धरायचा. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी भाड्याच्या खोल्यांत काढली होती, आणि दर चार-पाच वर्षांनी खोली बदलावी लागायची. आता नवरा कामावरून मोकळा होणार होता.

सहीसाठी आक्का निपाणीहून बसनं आल्या. हातात छत्री, पायात रबरी चप्पल. आम्ही तिघं बांधावर उभे होतो. भरमाण्णानं त्यांना सहीच्या बदल्यात काय काय द्यायचं ठरवलंय ते सांगायला सुरुवात केली. आक्कांनी ऐकून घेतलं आणि छत्रीचं टोक विहिरीकडं केलं.

"मला बाकी काय नको. ती विहिरीजवळची जागा माझ्या नावानं कर. घर बांधतो आणि पडून राहतो."

आमच्या भागातल्या जुन्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. त्यात एक जोर असतो, तो मला नेहमी आवडत आला आहे. त्या दिवशी मात्र आवडला नाही, कारण ती जागा माझ्या मनातल्या नकाशात नेमकी कोपऱ्यावर येत होती. दोन अंगांना रस्ता असलेला कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे लेआउटमधला दागिना. भरमाण्णानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

दोन दिवसांनी खडेबाजारात चहा पाजून त्यानं मला हळूच सांगितलं की आक्काला कुठंतरी बाजूला बसवा, तिला नकाशातलं काय कळतंय. आणि मी बसवलं. आता हे लिहिताना कान गरम होतात, पण लिहितो. प्रत्येक लेआउटमध्ये नाल्याकाठी किंवा कडेला एक वेडावाकडा तुकडा उरतोच. पुढं अरुंद आणि मागं रुंद असा तुकडा निघाला की आम्ही त्याला गोमुखी म्हणतो. वास्तुशास्त्रात तो फार शुभ. पुढं रुंद आणि मागं अरुंद निघाला की व्याघ्रमुखी, दुकानाला उत्तम. उरलेल्या तुकड्याला शुभ नाव देण्यात माझा हात धरणारा बेळगावात कोणी नाही. आक्कांसाठी मी नाल्याकाठी एक देखणा गोमुखी काढला, त्यात हिरवा रंग भरला आणि ऑफिसात त्यांच्यापुढं उलगडला.

त्यांनी नकाशा फिरवून सरळ धरला. मी तो मुद्दाम तिरका ठेवला होता.

"तम्मा, ही विहीर न्हवं?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आमच्याकडं मराठी माणसंही मायेनं म्हणतात. "आणि हा नाला. माझी जागा हितं कशी आली?"

मी गोमुखीचं माहात्म्य सांगितलं. लक्ष्मी टिकते, संतती वाढते, सगळं सांगितलं.

"माझी संतती तीस वर्षांची झाली रं," आक्का म्हणाल्या. "आता कशाला वाढवतोस? गाईच्या तोंडात भरमाला ऱ्हाऊ दे. मला इहिरीजवळ काढ. आत्ता काढ, मी बसतो."

त्या बसल्या. मी त्यांच्यासमोर नकाशा पुन्हा काढला. विहिरीजवळच्या चौकोनात त्यांनी माझ्याच लाल पेनानं स्वतःचं नाव लिहून घेतलं आणि मगच सही केली. भरमाण्णा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

या नकाशात माझी एक करामत होती. तीच पुढं नडली, म्हणून नीट सांगतो. भरमाण्णाचं शेत गावाच्या वेशीसमोर. वेशीसमोरून शेताच्या मधोमध सरळ रस्ता काढून गायरानापर्यंत नेणं सगळ्यात सोपं होतं. पण मग डांबरी रस्त्याला लागून असलेले दोन मोक्याचे प्लॉट त्या रस्त्यात गेले असते. एकात भरमाण्णाच्या मुलाला दुकान काढायचं होतं. म्हणून मी रस्ता शेताच्या कोपऱ्यातून आत घेतला आणि विहिरीजवळ काटकोनात वळवून गायरानाकडं नेला. दोन प्लॉट वाचले. त्या वळणाचा मला इतका अभिमान होता की आल्या-गेल्याला तो नकाशा दाखवायचो. आक्कांचा प्लॉट त्याच वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर होता.

शेतात चुन्याच्या रेषा मारल्या, कोपऱ्या-कोपऱ्यावर लाकडी खुंट्या ठोकल्या. फाईल मंजुरीला जायच्या आधी पंचायतीचा दाखला तेवढा राहिला होता. पंचायतीनं दाखल्याऐवजी माणसं पाठवली. पाच-सहा म्हातारे आणि त्यांच्यासोबत गावचे सुतार. पुढच्या उन्हाळ्यात गावची लक्ष्मी यात्रा ठरली होती.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या भागात कित्येक गावांत लक्ष्मीची यात्रा दरवर्षी होत नाही. या गावात ती वीस-बावीस वर्षांनी येते. देवीचं लग्न लावतात, मग तिला लाकडी रथात बसवून गावभर ओढतात आणि गावाबाहेर नेऊन गदगेवर, म्हणजे मोठ्या चौथऱ्यावर, नऊ दिवस बसवतात. दहाव्या दिवशी तिला गावाच्या शिवेवर पोचवून येतात. या गावचं गदगे गायरानात होतं. आणि गावातून गायरानात रथ आजवर गेला होता तो भरमाण्णाच्या शेतातून.

मी उतारा पाहिला होता, जुना मोजणी नकाशा पाहिला होता, मोबाईलवर आकाशातून दिसणारं शेतही पाहिलं होतं. कशातही वाट नव्हती. असणार कशी? सुगी झाल्यावर मोकळ्या शेतातून रथ एकदा जायचा आणि पुढच्या पावसात चाकोरी बुजून जायची. शेत होतं तोवर वाटेची गरजच नव्हती. चुन्याच्या रेषा दिसल्या तेव्हा गावाला वाट आठवली. भरमाण्णानं तर रस्ता आहे म्हटल्यावर रथ जाईलच असं धरलं होतं.

मी छाती पुढं काढून म्हटलं की काळजी नको, तीस फुटी रस्ता ठेवलाय, रथ आरामात जाईल.

सुतार हसले. "इंजिनेर, तुमची मोटार वळती. आमचा रथ वळत न्हाय. त्याला वळवावं लागतंय."

रथाला स्टेअरिंग नसतं. पुढं दोरखंडाला शे-दीडशे माणसं, आणि चाकाशी एक जण लाकडी पाचर घेऊन चालतो. ज्या अंगाला वळायचं त्या अंगाच्या चाकाखाली पाचर टाकायची, ते चाक अडतं आणि रथ तसूभर फिरतो. मग पुन्हा ओढायचं, पुन्हा पाचर. असा फिरत फिरत रथ भलं मोठं वळण घेतो. सुतारांनी रथाचा जुना दोरखंडच आणला होता. तो त्यांनी माझ्या रस्त्यावर त्या वळणाच्या मापात अंथरला. दोरखंड रस्ता सोडून आक्कांच्या चौकोनात शिरला आणि त्याचे दोन तुकडे करून पलीकडं बाहेर पडला.

आता कोणाचं काय पणाला लागलंय ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होतं. वळण तसंच ठेवायचं तर आक्कांची जागा रस्त्यात जाते. रस्ता सरळ करायचा तर भरमाण्णाचे दोन प्लॉट आणि पोराचं दुकान जातं. देवीची वाट अडवली तर दाखला नाही, आणि असल्या लेआउटमध्ये गावातला कोणी प्लॉट घेणारही नाही.

भरमाण्णानं आक्कांना बोलावून घेतलं. त्या आल्या तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यांना विहिरीच्या कट्ट्यावर मानानं बसवलं. मग एकेकानं समजावलं. देवीचं काम आहे. तुझ्या बापाच्या रानाचा मान आहे. नाल्याकडं चांगली जागा काढून देऊ. भरमाण्णा खाली बघून ऐकत होता. आक्कांनी सगळ्यांचं बोलून होऊ दिलं.

"लक्ष्मीचं लगीन लावतासा," त्या म्हणाल्या, "गावभर मिरवतासा, नऊ दिस ओट्या भरतासा. आणि धाव्या दिशी शिवंला नेऊन सोडतासा. ती काय बोलत न्हाय. मला बत्तीस वर्साखाली असंच मिरवून घालवलासा, तवा मीबी काय बोललो न्हाय. आता परत येतो म्हणतोय, तर जागा माझीच आडवी येती व्हय?"

एका म्हाताऱ्यानं टोपी काढून झटकली आणि परत घातली. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं नाटक केलं. गोमुखीचा सल्ला देणारा मी, मला तिथं तोंड नव्हतं. त्या जागेवरून रस्ता वळवणारा हात माझाच होता.

विषय टाळायला सुतार म्हणाले की आधी माप तर पक्कं करूया, कदाचित दोन-चार फुटांत भागेल. पाचर कुठं कुठं पडेल त्या जागा खुणा करून बघू. आणि त्यांनी पिशवीतून पाचर काढून भरमाण्णाच्या हातात दिली.

मला कळेना. मग कळलं. रथाच्या चाकाखाली पाचर टाकायचा मान भरमाण्णाच्या घरचा होता. गेल्या यात्रेत त्याच्या वडिलांनी टाकली होती. या वेळी पहिल्यांदा तो टाकणार होता.

बाभळीच्या लाकडाची, तेल पिऊन काळी झालेली पाचर होती. भरमाण्णा दोरखंडाच्या कडेनं चालू लागला. सुतार म्हणतील तिथं वाकायचा, पाचर मातीत टेकवायचा, मी तिथं चुन्याची चिमूट टाकायचो. पहिली खूण रस्त्यात पडली. दुसरी रस्त्याच्या कडेला. तिसऱ्या खुणेला सुतारांनी बोट दाखवलं ते आक्कांच्या खुंटीवर. खुंटीवर मी लाल रंगानं प्लॉटचा नंबर घातला होता आणि त्याखाली आक्कांनी कधीतरी येऊन हळदीकुंकू लावलं होतं.

भरमाण्णा वाकला. वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला आणि पाचर काखेत मारून उभा राहिला.

"ह्या जागंवर माझ्यानं पडायची न्हाय," तो म्हणाला. कोणाकडं न बघता. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "इंजिनेर, रस्ता सरळ काढा."

"दोन प्लॉट जातील, अण्णा," मी म्हटलं. हे मी का म्हटलं देव जाणे. धंद्याची सवय.

"जाऊ देत की. तुम्ही लई हुशारीनं वाचवलासा ते. तशाच हुशारीनं घालवा."

आक्का कट्ट्यावरून उठल्या नाहीत. त्यांनी फक्त छत्री उघडली, ऊन नव्हतं तरी.

मी नकाशा तिसऱ्यांदा काढला. या वेळी त्याचे पैसे मागण्याची मला हिंमत झाली नाही, आणि भरमाण्णानं विचारण्याची चूक केली नाही. वेशीपासून गायरानापर्यंत चाळीस फुटी सरळ रस्ता, आखणीच्या दोरीसारखा. इतका साधा नकाशा मी शिकत असतानासुद्धा काढला नव्हता. त्यात एक गंमत झाली. वळण गेलं, तसा आक्कांचा कोपराही गेला. त्यांचा प्लॉट आता ओळीतला साधा प्लॉट झाला होता, पुढं रस्ता, मागं विहीर. मी ते भीत भीत त्यांना सांगितलं.

"मला कोपरा कवा पाहिजे हुता?" त्या म्हणाल्या. "मला इहीर पाहिजे हुती. लगनाच्या आधी रोज तिथंच धुणं धुयाचो. दुसऱ्याच्या नळाला रांगंत हुबारून बत्तीस वर्सं झाली."

मी ही गोष्ट पहिल्या दिवशी विचारली असती तर सगळ्यांचे कष्ट वाचले असते. आम्ही माणसाला किती जागा हवी ते विचारतो. ती का हवी, ते विचारायला फॉर्ममध्ये रकाना नाही. तेव्हापासून कोणी जमीन घेऊन आलं की मी पेन्सिलीला टोक काढण्याआधी शेतात जाऊन बांधावर बसतो. इथून कोण जातं, काय जातं, किती वर्षांनी जातं, असं विचारतो. लोकांना वाटतं, इंजिनेरला कामाची घाई नाही.

यात्रेला मला बोलावणं होतं. लेआउटमध्ये अजून घरं उठली नव्हती. आक्कांचा तेवढा पाया भरून चौथरा झाला होता. त्यावर त्या नवं लुगडं नेसून उभ्या होत्या, शेजारी वखारीतून मोकळा झालेला नवरा, हातात ओटीचं ताट. वाजंत्री, भंडारा, गर्दी यांचं वर्णन करत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. रथ वेशीतून निघाला आणि माझ्या रस्त्यावर आला. माझ्या रस्त्यावर, असं मी शेजारच्या तिघांना ऐकू जाईल असं म्हणालो. चाकाशी भरमाण्णा होता, उघड्या अंगावर भंडारा, हातात ती काळी पाचर.

सरळ रस्ता. वेशीपासून गदगेपर्यंत कुठं वळण नाही, चढ नाही, उतार नाही. पाचर टाकण्याचं काही कारण नव्हतं. नकाशा मीच काढलेला, मला माहीत आहे.

आक्कांच्या चौथऱ्यासमोर भरमाण्णा वाकला आणि त्यानं चाकाखाली पाचर टाकली. रथ थांबला. दीडशे माणसांचे हात दोरखंडावर तसेच राहिले. आक्का पायरी नसलेल्या चौथऱ्यावरून उतरल्या, गर्दीनं वाट दिली, आणि त्यांनी लक्ष्मीची ओटी भरली. त्यांचं सावकाश आवरून होईपर्यंत भरमाण्णानं पाचर काढली नाही.